पायाखालची टकटक

हॅनकॉकच्या उतारावरून खाली यायचं तर
डिसेंबर ते एप्रिल ब्रेक हा नुसता अंदाज असतो.
खाली पूल, पुलाखाली गोठलेलं पाणी,
आणि रस्त्यावर मीठ, इतकं मीठ
की गाड्यांचं लोणचं होतं.

लाहतीच्या गॅरेजात हा माझा नववा हिवाळा.
गाडी वर उचलली की आधी गंज भेटतो, मग गाडी.

मंगळवारी ऐली कोस्केला आल्या, वय एक्क्याऐंशी.
हातमोजे न काढताच म्हणाल्या,
"थांबायच्या पाटीपाशी पोचले की
पेडलखालून कुणीतरी टकटक करतं.
रस्ता कोरडा असला तरी."
मग जरा थांबून,
"रायनो असंच करायचा.
शेजारी बसून, आपल्या बाजूच्या पत्र्यावर, पायाने,
जसा काही तिथंही एक ब्रेक होता.
एकेचाळीस वर्षं."

मी मान हलवली. चाक काढलं.

चाकाच्या आत एक दातेरी कडं असतं,
त्याच्यासमोर, केसभर अंतरावर, सेन्सर.
दात समोरून गेला की तो मोजतो
आणि वर कळवतो: फिरतंय, फिरतंय, फिरतंय.
चाक एकदम गप्प झालं तर संगणक समजतो,
अडकलं, आता घसरणार.
मग तो ब्रेक क्षणभर सोडतो, परत धरतो,
सोडतो, धरतो, सेकंदात दहा-पंधरा वेळा,
कारण अडकलेलं चाक कुणाचंच ऐकत नाही,
स्टिअरिंगचंही नाही.
वळायचं तर फिरत राहावं लागतं.

तर बाईंच्या पुढच्या डाव्या चाकात
सेन्सरच्या बुडाशी गंज फुगला होता
तळलेल्या पापडासारखा,
आणि त्याने सेन्सरला कड्यापासून
नखाच्या जाडीइतकं दूर सारलं होतं.
वेगात बातमी पोचायची.
गाडी हळू झाली की क्षीण व्हायची, मग नाहीच.
चाक फिरतच होतं.
वर मात्र कळायचं, थांबलं.
आणि नेमकं थांबायच्या वेळी
यंत्र, भल्यासाठीच, ब्रेक सोडून द्यायचं.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, वीस मिनिटं.
बिल छप्पन्न डॉलर.

बाई एक चक्कर मारून आल्या.
किल्ली हातातच धरून उभ्या.
"गेला," म्हणाल्या.
आवाज की रायनो, मी विचारलं नाही.
टोइवो लाहती दात कोरत म्हणाला,
"त्यांना चर्चमागचं पटांगण दाखव."

चर्चमागे काचेसारखा बर्फ. मी शेजारच्या सीटवर.
"वीसचा वेग घ्या. आता दाबा, सगळ्या ताकदीने,
आणि पाय उचलायचा नाही.
लोक घाबरून इथंच उचलतात."
त्यांनी दाबला.
ही टकटक नव्हे, दणदण होती. पेडल लाथा झाडू लागलं,
गाडी कुरकुरत, कुरकुरत
सरळ रेषेत थांबली.

दुसऱ्या खेपेला वळणावर.
स्टिअरिंग डावीकडे, गाडी मात्र नाकासमोर,
कचऱ्याच्या डब्याच्या दिशेनं.
तुम्हाला कुठं जायचंय
आणि गाडी खरी कुठं चाललीय,
हे दोन्ही कुठल्याशा डबीत जमा होतं,
आणि त्यातला फरक वाढला की
ती एकाच चाकाचा कान धरते.
मागचं डावं.
नाक हळूच वळलं. डबा वाचला.

कोस्केलाबाई तोंडावर हातमोजा धरून हसल्या.
"पुन्हा," म्हणाल्या.
अकरा वेळा.

नवव्या की दहाव्या खेपेला माझ्या ध्यानात आलं,
माझा उजवा पाय
समोरच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता.
बाईंनी ते पाहिलं होतं.
काही बोलल्या नाहीत,
वायपर लावला.