जेंट्स साइज

"लेडीज दाखवू?" बाळगोंडा विचारतो दर वेळी
आणि दर वेळी मी म्हणते, नको.
ते चार बोटांचे, कोपऱ्यात गुलाब भरलेले,
कडेला लेस. नाकाला लागली की शिंक वाढते.
जेंट्स द्या. सुती. पांढरे नकोत,
चौकटीचे, मळखाऊ.

महाद्वार रोडला साड्यांच्या झगमगाटात
त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा.
रुमाल, बनियन, नाडीचे गुंडे.
मी घडी मोडते. आता तो काही म्हणत नाही.
उजेडाकडे धरते : वीण दिसावी,
पलीकडचा माणूस दिसू नये.
मुठीत चुरगाळून सोडते. सुरकुती राहिली तर सूत,
टुणकन सरळ झाला तर त्यात भलतंच काही.
मग कडेची दुमड, चारी बाजूंनी.
शेवटी बोटाला थुंकी लावून एक टिंब.
"ओ वहिनी!"
टिंब लगेच पसरलं.
सहा द्या.

कापड इचलकरंजीचं, म्हणतो.
असेल.

नवा रुमाल कामाचा नसतो. अंगात खळ असते,
घाम पुसावा तर तो इकडचा तिकडे.
रात्रभर पाण्यात ठेवायचा, मग तीन-चार धुणी, ऊन,
तेव्हा कुठे माणसात येतो.

शिरोलीला कोअर शॉपमध्ये आम्ही अकरा बायका.
वाळू, तेलाचा चिकट वास, भिंतीपलीकडे भट्टी.
एक रुमाल नाकाला, एक कमरेला खोचलेला.
संध्याकाळी नाकाचा सोडला की
मधोमध दोन काळे ठिपके :
दिवसभर श्वास घेतल्याची पावती.
नव्या पोरी पाकिटातून पातळ कागद काढतात.
मीही घेतला एकदा, लग्नाच्या हॉलवर, बेसिनपाशी.
फोटोत अजून माझ्या हनुवटीला कापूस आहे.

शकिला मुजावरला घरून फोन आला तेव्हा
कंपनीची गाडी तावडे हॉटेलच्या अलीकडे होती.
ती काही बोलली नाही. नुसतं पाणी.
कमरेचा काढून दिला. घामाचा होता,
दुसरा नव्हता.
तिनं तोंड झाकलं आणि उरलेला रस्ता
त्या चौकटींच्या आत बसून राहिली.

बारा दिवसांनी कामावर आली ती रुपया घेऊन.
"रुमाल फुकट घेतला की माणसं तुटतात.
अम्मी म्हणायची."
मग परत दे की, म्हटलं.
"न्हाई. त्यो माझा झाला."
मी रुपया माझ्या रुमालाच्या टोकाला बांधला.

पुढच्या वर्षी ती मिरजेला गेली, बहिणीकडं.
पाच राहिले.
एकाची चिंधी झाली, हात भाजला तेव्हा.
एक नळाच्या तोंडाला आहे.
एकात पोरानं मार्केट यार्डातून गुळाचा खडा बांधून आणला,
तो मुंग्यांनी इतका मनावर घेतला
की शेवटी गाडी पुसायला दिला.
उरलेले दोन आळीपाळीनं वाळतात.

परवा तिचा फोन. इकडचं तिकडचं झालं.
आहे का गं, मी विचारलं.
"हाय. चौकटी पुसल्यात पार.
आता कुठं मऊ झालाय.
आणि माझा रुपया?"

खोटं बोलता आलं असतं.
केएमटीत सुटे नव्हते, सांगितलं,
कंडक्टर खेकसला, मागं गर्दी,
मी गाठ दातानं सोडली आणि देऊन टाकला.
कधीच.

इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला.
हसता हसता नाक ओढलं तिनं,
मग जरा वेळ आवाज दबलेला आला,
कापडातून यावा तसा.

रविवारी बाळगोंडाकडं जायचंय, म्हटलं. आणू तुला?
"आण. पण जेंट्स."
रुपया तयार ठेव.