वळसा

सकाळी सातला मी जिलेटिन ओतते.
काचेच्या चौकोनी भांड्यात, बिनसाखरेचं,
माणसाच्या यकृताइतकं मऊ.
म्हणजे किती, हे मला आकड्यांत ठाऊक आहे,
बोटांना अजून नाही.
एन्सखेडेत या दिवसांत लवकर उजाडत नाही.
कालव्यावर धुकं, तळमजल्यावर यंत्राचा हिरवा दिवा,
आणि खणात, कापसात निजवलेली,
शिवणाच्या दोऱ्याहून जराशी जाड,
गवताच्या काडीसारखी लवणारी सुई.

नाकासमोर चालणं हिला जमत नाही.
हिचं नाकच तिरपं घासलेलं.
ढकललं की त्या बाजूला कलते,
मागून अर्धा फेरा दिला की दुसऱ्या.
आणि सरळ जायचं असेल
तर स्वतःभोवती सतत फिरत राहावं लागतं तिला.
हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं त्या रात्री
मी सायकल हातात धरून चालत घरी गेले.

आणखी एक गोष्ट. शोधनिबंधात ती एका ओळीत उरकते:
मुळाशी दिलेला पीळ टोकाशी उशिरा पोचतो.
मांस त्याला वाटेत धरून ठेवतं.
मागच्या टोकाला वाटतं, आपण वळलो,
पुढचं अजून जुन्याच दिशेला चाललेलं.
माझे आणि बाबांचे शेवटचे चार फोन
असेच झाले.

बेरेंड वेसेलिंक आले तेव्हा मुलीने त्यांचा कोट धरला होता.
वय अठ्ठ्याहत्तर. यकृताच्या मागच्या कुशीत
वाटाण्याएवढी सावली,
पुढ्यात मोठी शीर, वर बरगडी.
सरळ सुईला तिथे वाटच नव्हती.
संमतीची सातही पानं त्यांनी वाचली,
चष्मा पुसून पुन्हा वाचली,
मग म्हणाले, ती दाखवा.
मी नमुन्याची एक हातात दिली.
त्यांनी दोन बोटांत वाकवली, सोडली,
ती होती तशी झाली.
"मोज्यांच्या कारखान्यात होतो मी," ते म्हणाले,
"यंत्रात वाकडी सुई सापडली
की फोरमन पगारातून कापायचा.
सोळाव्या वर्षापासून सुया सरळ करत आलो."
कारखान्याच्या जागी आता फ्लॅट आहेत.
त्यातल्या एका गॅलरीत
त्यांचीच मुलगी कुंड्या लावते.

"श्वास घ्या. सोडा. आता थांबा."
डॉक्टर टिखेलार यांचा अंगठा बटणावर,
माझा हात कशावरच नाही. पाहणं, एवढंच माझं काम.
यंत्र मोजतं, मिलिमीटरभर सरकतं, पुन्हा मोजतं.
पडद्यावर पांढरी रेघ बरगडीखालून निघाली,
शिरेजवळ आली
(शीर आपली उडत होती, तिला काय माहीत)
आणि वळली नाही.
एक सेकंद. दोन.
गणितात हा उशीर मीच लिहिला होता,
तरी तोंडाला कोरड पडली.
पीळ वाटेत होता.
मग टोक किंचित झुकलं,
वीज गेलेल्या घरात
कुणी चौकट चाचपून
बाजूने निघून जावं तसं.

तुकडा निघाला, तांदळाच्या कणीएवढा.
बाटलीत बुडाला.
काय ते आठवड्याने कळेल.
वेसेलिंकनी पडल्यापडल्याच विचारलं,
"ती सुई घरी नेता येईल?"
नाही. नियम आहे.
पिवळ्या डब्यात टाकली, झाकण खट्‌कन लागलं.
"वाकडी झाली ना," ते म्हणाले,
"मग कापा पगारातून."

संध्याकाळी भांडी विसळली.
कालच्या जिलेटिनमध्ये सगळ्या वाटा अजून होत्या.
केसाएवढे बोगदे, उजेडात धरले की चमकणारे,
काही चुकलेले, काही नेमके,
सरळ असा एकही नाही.
फेकायचं होतं.
मी ते खिडकीत ठेवलं.
उद्या वास येईल.