शेऱ्याचा रकाना

साहेब, अर्ज आज आणलेला नाही.
तीन अर्ज तुमच्याकडेच आहेत,
पोहोच माझ्या पिशवीत, गोल शिक्क्यांसकट.
आवक टेबलावरचे निकुंभ भाऊ आता
नाव न विचारताच खुर्ची पुढे करतात,
एवढी प्रगती झाली.

आज लोकशाही दिन. टोकन सव्वीस.
पंचवीस नंबरवाल्यांची गटार तुंबलीय,
सत्तावीसच्या गल्लीत दिवा नाही.
मधे मी, आणि हे रजिस्टर.

शाळा सातपूरची, महापालिकेची.
मी कुमुदिनी गांगुर्डे, गणित शिकवते.
वाचनालय माझ्याकडे आलं
कारण कपाटाची किल्ली माझ्या हाताला लागली.
कपाट एक. पुस्तकं दोनशे बारा,
त्यातली त्रेसष्ट वाळवीनं माझ्याआधी वाचून संपवली.
उरली एकशे एकोणपन्नास.
मुलं तीनशे ऐंशी.
भागाकार मी रोज फळ्यावर करते,
हा तुम्हीच करून बघा.

पहिल्या वेळी म्हणालात, लेखाशीर्ष नाही.
दुसऱ्या वेळी, आहे, पण शिल्लक नाही.
मग सिंहस्थ आला
आणि शिल्लक घाटाच्या पायऱ्या उतरून गेली.
मी गोदेकाठचीच आहे, घाटाशी माझं भांडण नाही.
एवढंच विचारते :
पूर किती आलाय ते आपण नाशिककर
दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो,
गुडघ्याला, कमरेला, छातीला,
कुणाला मोजपट्टी लागत नाही.
आमची मुलं वाचत नाहीत, हे तुम्ही
कुठल्या मारुतीकडे बघून ठरवलंत?

म्हणून हे रजिस्टर.
नाव, तुकडी, पुस्तक, तारीख, ते राहू द्या.
शेवटचा रकाना वाचा.
परत द्यायला उशीर का झाला.

मोहसिन, सहावी ब :
अब्बांची नाइट होती. सकाळी आले आणि तेच घेऊन बसले.

यामिनी खैरनार, सातवी अ :
आईला शेवट सांगितला. ती म्हणाली, काहीतरीच, वाचून दाखव.

हिरामण भोये, पाचवी :
सुरगाण्याला गावी नेलं होतं. तिथली पोरं परत देईनात.

रेणू पगारे, सहावी ब : हरवलं.
खाली, दुसऱ्या शाईत :
हरवलं नव्हतं. अजून एकदा पाहिजे होतं.

चष्मा कपाळावर सरकवलात तुम्ही.
रेणूपाशी थांबलात.
दोन पानं उलटलीत, मग अजून चार.
सत्तावीस नंबरनं खोकून पाहिलं.
"मॅडम, हे सगळं खरं आहे?"
साहेब, इतकं छान खोटं लिहायला
आधी पुरेशी पुस्तकं लागतात.

मागणं फार नाही.
दोन कपाटं, वाळवी हिरमुसेल अशी.
वर्षाला शंभर पुस्तकं,
मुलांनी निवडलेली, ठेकेदारानं नव्हे.
आणि आठवड्याला एक तास, जो गणिताला जाणार नाही.
हे गणिताच्या बाई सांगतायत, नोंद घ्या.

तुम्ही फाइल मागवलीत.
तिन्ही अर्ज एकाच गंजक्या टाचणीत निघाले.
वरच्यावर हिरव्या शाईत लिहिलंत,
तपासून सादर करावे.
कोणी तपासायचं, कोणाला सादर,
ते हिरव्या शाईलाच ठाऊक.

सीबीएसवर बसला वेळ होता.
उभ्या उभ्याच रजिस्टर उघडलं, नवी ओळ घातली.
नाव : शिक्षण विभाग. तुकडी : आडवी रेघ.
काय नेलं : अर्ज, नग तीन.
परतीची तारीख : पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार.

दंड आम्ही कुणालाच लावत नाही.
शेवटचा रकाना कोरा ठेवलाय.
उशीर झालाच तर
तुमच्या हातानं भरायला या.
शाळा साडेबाराला भरते.
मी वर्गावर असले तर रेणूला हाक मारा,
किल्ली हल्ली तिच्याकडे असते.