चुन्याची रेघ

वरतून कागद आला तेव्हा हलका धान कापणीला आला होता.
कागदात आमच्या गावाचं नाव दोनदा होतं.
बोडीच्या पाळेअलीकडचा वरटोला एका मतदारसंघात,
पलीकडचा खालटोला दुसऱ्या.
पाळेवर मोहाची तीन झाडं.
ती कुणाच्याच यादीत नव्हती.

मी अंगणवाडी बघते, मतदार यादीही मलाच बघावी लागते.
सकाळी पोरांची वजनं,
दुपारी म्हाताऱ्यांची वयं.
दोन्ही अंदाजानंच सांगतात लोक.

पैकू मडावीचं घर पाळेला टेकलेलं.
नकाशा धरला तर चूल इकडे, कोठा तिकडे.
"मंग बैलायचं मत कुठं पडते, बाई?"
तो हसला नाही.
मीही नाही हसले, फक्त पेन्सिलनं
कोठ्याभोवती एक गोल काढला आणि पुढच्या घरी गेले.

रायवंता वरटोल्याची पोर, दिली खालटोल्यात.
वरात सत्तर पावलांची होती;
बँडवाल्यांनी पैसे पूर्ण घेतले म्हणून
नवरदेवाला बोडीभोवती दोनदा फिरवलं होतं.
तिचा फॉर्म भरताना रकाना आला,
पत्ता बदलण्याचं कारण.
"लिव्हा, तिकडच्या बोरिंगचं पाणी गोड हाय."
मी लिहिलं, विवाह.

मग भोंगे आले.
इकडचा ऑटो पाळेपर्यंत येई आणि वळे,
तिकडचा पाळेपर्यंत येई आणि वळे,
पोरं शिवाशिवी खेळताना करतात तसं.
पण पाण्यावरून आवाज लांब जातो.
खालटोल्याच्या बायांना वरटोल्याची आश्वासनं
स्वतःच्यापेक्षा नीट ऐकू येत.
भांडी घासता घासता त्या ती ऐकत,
दुसऱ्याच्या घरच्या लग्नाची गाणी ऐकावीत तशा.

मंडईच्या रात्री नाटक होतं.
दोन्हीकडचे उमेदवार आले, एकाच सोफ्यावर बसले,
एकमेकांना पान दिलं.
भाषणं इतकी लांबली की
खलनायकाला मरायला पहाटेचे चार वाजले
आणि तोवर अर्धं गाव धानाच्या पोत्यांवर झोपलं होतं.

मतदानाच्या दिवशी दोन केंद्रं, दोन रांगा.
मधे बोडी, बोडीत शिंगाडे.
रायवंता इकडच्या रांगेतल्या आईला
हात करत होती;
आईला वाटलं, नातू पडला की काय,
ती रांग सोडून पळत सुटली.
परत आली तेव्हा सहा वाजून गेले होते.
टक्केवारीत ती कुठंच नाही.

निकाल लागला. इकडचा आमदार सत्तेत,
तिकडचा विरोधात.
उन्हाळ्यात वरटोल्यातून डांबर निघालं,
घराघरासमोरून काळं, ऊन, वास मारत,
आणि पाळेपाशी येऊन थांबलं.
ठेकेदाराच्या माणसानं तिथं चुन्याची रेघ ओढली:
"याच्यापुढं आपलं काम नाही."
पोरं एक पाय डांबरावर, एक धुळीत ठेवून
कुठला जास्त भाजतो ते बघत होती.

संध्याकाळी झिंगरूजी कापगते काठी टेकत आले.
यादीत एक्याऐंशी, त्यांच्या मते नव्वद.
रेघेकडे बराच वेळ पाहिलं, मग तंबाखू थुंकून म्हणाले,
"धुरा का जागेवर राह्यते काय, बाई?
मी साठ वरसं नांगर हाकलला.
धुरा रोज बोटभर सरकते.
ज्याले सरकवता येते त्याची."
आणि विचारलं, अंगणवाडीची चावी
रात्री कुठं ठेवता म्हणून.

सकाळी रेघ पाळेवर नव्हती.
ती खालटोल्यात होती,
सत्तर पावलं आत, रायवंताच्या दारापुढं,
जरा वाकडी, हात थरथरलेल्या माणसानं
ओढावी तशी.
ठेकेदाराची माणसं परगावची, नवी पाळी.
त्यांनी रेघ पाहिली आणि पिंप पेटवलं.

पुढं ओव्हरसियर आला, टेप विसरून आला होता.
मला विचारलं, सीमा नेमकी कुठली?
मी यादी काढली, नकाशा काढला,
पैकूच्या कोठ्याभोवतीचा गोल दाखवला.
त्यानं मान हलवून सही केली.

भिंतीवर अक्षरं काढायला आणलेल्या चुन्याचा
एक डबा कमी आहे.
साठा रजिस्टरात मी लिहिलं,
सांडला.