अर्धा इंच

सांगलीत, मार्केट यार्डामागच्या मैदानात
परीक्षक बाईंची मोजपट्टी गाडीतच राहिली,
म्हणून माझी टेप मागवली.
चाळीस वर्षं माणसांची मापं घेतली हिनं,
आज बीगल.

खांद्यापाशी उंची साडेसोळा.
"सोळाच्या वर नको," बाई म्हणाल्या,
तरी कान ओढून बघितला, नाकाच्या टोकाला पोचला.
छाती खोल. पंजा मिटल्या मुठीसारखा.
शेपटीचं टोक पांढरं.
सगळं बरोबर, आणि तो अर्धा इंच.

मी असा अर्धा इंच शिलाईत दाबतो,
गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही.
इथं कुठं दाबू?

तोडकरांची पोर रडली नाही,
गुडघ्यावर बसून पट्टा सोडला.
कुत्रं केव्हाच निघालं होतं
नाक भुईला लावून, शेपूट ताठ,
हळदीच्या पोत्यांकडं,
शिंकत.