मठारकाम

पाच बाय सात इंची निगेटिव्ह हातात धरली
की खिडकीची काच धरल्यासारखं वाटतं.
कोपऱ्यातल्या खाचा बोटाने चाचपायच्या,
मग कळतं फिल्म सुलटी आहे की उलटी.
पाकिटावर कॅम्पातल्या कैखुश्रू मिस्त्रींचं तिरकं अक्षर:
'तांबट आळी. भट्टी. अर्धा सेकंद. माणसं हलली.'

निगेटिव्हमध्ये भट्टीचं तोंड डांबरासारखं काळं,
म्हणजे तिथेच सगळ्यात जास्त पेटलेलं.
स्कॅनरचा दिवा त्यातून पलीकडे जाताना दमतो
आणि दमलेल्या माणसासारखं काहीबाही बोलतो.
पडद्यावर ऐन उजेडात
सांडलेल्या रव्यासारखे ठिपके,
ज्यांचा भट्टीशी, त्या दिवसाशी, कुणाशीच संबंध नाही.

आमच्या धंद्यात याला नॉइज म्हणतात.
गोंगाट म्हणावं, तर
कसब्यातले तांबट मला हसतील.

उपाय जुनाच आहे, फौजदाराचा.
एकच प्रश्न सोळा वेळा विचारायचा.
खोटा ठिपका दर वेळी जागा बदलतो,
खरा बसल्या जागी बसून राहतो.
सोळा जबान्यांची सरासरी काढली
की गोंगाट पाव उरतो.
पण सोळाही वेळा काही केसभर हलता कामा नये,
आणि माझं टेबल आळीच्या पाठभिंतीला लागून.
तिकडे हातोडा पडला
की इकडे पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळ उठतं.
म्हणून मी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत स्कॅन करते,
एक ते दोन.
माझा डबा नंतर.

तरी थोडं उरलंच.
मग सॉफ्टवेअरची पट्टी उजवीकडे सरकवली.
तीस. पन्नास. सत्तर.
भिंत लोण्यासारखी झाली, धूर लोण्यासारखा झाला.
खरं सांगते, मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी, पाऊण वाजता, गोपीनाथ करडे आले.
वय शहाऐंशी. साठ वर्षं तांब्यावर ठोके घालून
दोन्ही कान गेलेले.
त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागतं.
फोटोत त्यांचे वडील, मोरोबा,
गुडघ्याशी घंगाळ धरून बसलेले.
काका बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "बाप माझाच.
घंगाळ कुणाचं?"

मी पाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली
आणि पडद्यावर नखाने टिकटिक केलं
(मी कुणाला पडद्याला हात लावू देत नाही).
"मठारकाम कुठंय? हे तर मशीनवर दाबलेलं भांडं.
असलं आमच्या घरात शिरलं नाही कधी."

पट्टी शून्यावर आणली.
रवा परत आला,
आणि रव्यातून एकेक ठोका वर आला,
बुडापासून काठापर्यंत, ओळीला ओळ लावून,
प्रत्येकाच्या खळीत भट्टीचा एक कण.
मोरोबाच्या उजव्या हातात मात्र हातोडा नव्हता,
नुसता एक धुरकट पंखा.
तोही मी डाग समजून पुसणार होते.

काका ठोके मोजायला लागले. ओठ हलत होते.
काठाच्या खालच्या ओळीत थांबले.
"इथं हुकला."
मग हसले, पोट हलेपर्यंत.
"मी तेव्हा सातवीत. शेजारी बसून
सारखी बडबड करायचो."

मी पाटीवर लिहिलं: हा ठोका काढू?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
उत्तर दिलं नाही.
मीही फाईल तशीच जपून ठेवली.

मग आम्ही दोघांनी माझा डबा खाल्ला,
मेथी आणि दोन पोळ्या.
बोलण्यासारखं होतं, पण पाटी भरली होती.

काकांनी पेल्याकडे बोट दाखवलं.
पाण्यावर वर्तुळ उठलं होतं.
"दोन वाजले," म्हणाले,
आणि चपला शोधू लागले.