अकरा किलो गंज

चुंचाळ्याच्या भंगारात रियाजनं ती काट्यावर चढवली,
सहाशे वीस किलो, अडतीसचा भाव.
चिखलासकट? मी विचारलं.
काका, तो म्हणाला, चिखल फुकट, पैसे गंजाचे घेतो.
दोघंही हसलो. मी नोटा मोजल्या.

आता ओझरात, घरामागं, विटांच्या चार थप्प्यांवर
उभी आहे ट्रॉली. चाकं काढलेली, पाटे सुटलेले,
मागचा फाळका एकाच बिजागरीवर लोंबणारा,
एसटीत झोपलेल्या माणसाच्या जबड्यासारखा.
प्रमिला म्हणते, रिटायर झाल्यावर घरी बसाल वाटलं होतं,
तुम्ही तर अंगणात पाळी सुरू केलीत.

एकतीस वर्षं मी विमानांचे पंख तपासले.
नखही शिरणार नाही अशी फट शोधायची,
खडूनं गोल करायचा, शेजारी फुली.
फुली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.
कुणाची रात्रपाळी वाया गेली
हे मी कधी विचारलं नाही.

इथल्या फटीतून आमची मांजर आरपार जाते.

जानेवारीची सकाळ. लोखंड इतकं गार
की पाना हातात धरवत नाही.
हबचा नट हलेना. डिझेल पाजून रात्रभर ठेवला,
मग पान्याला पाइप लावून हर्षल लटकला,
शेजारचा, दहावीला गणितात गेलेला.
कर्रर्र झालं, आणि हातात आलं बेअरिंग:
आत तांबडा भुगा, आणि ग्रीसच्या जागी
कुठल्याशा बागेतली काळी माती,
तिच्यात एक द्राक्षाची बी. हर्षलनं ती खिशात टाकली.

तारेच्या ब्रशनं घासत गेलो. निळ्याखाली लाल,
लालखाली पिवळ्या अक्षरांत
‘...आणि बंधू’.
बंधू तेवढे उरलेत.

मग पाठीवर खाली सरकलो
तो ड्रॉबारच्या सांध्यापाशी थांबलो.
ही काय वेल्डिंग? कबुतरं बसून गेल्यासारखी!
वरून एक पट्टी, तीही रस्त्याकडेच्या पाटीची,
उलटी डकवलेली: सावकाश, पुढे शा
खडू अजून खिशात असतो माझ्या.
फुली मारली. म्हटलं, हर्षल, छिन्नी दे.

पहिल्या घावाला रंगाचा टवका उडाला.
पाचव्याला छिन्नीची धार वळली.
दहाव्याला माझं मनगट.
सांधा जागचा हलला नाही.
वर कारखान्यातून एक विमान चाचणीला निघालं होतं,
अख्ख्या गल्लीची तावदानं थरथरली.
एरवी मी हातातलं टाकून बघतो.

कोण असेल तो? कुठल्या बांधावर,
कुणाच्या तरी विहिरीवरून वायर ओढून,
काच नाही म्हणून डोळे मिटून काडी टेकवणारा,
मागं भरलेली ट्रॉली, खोळंबलेली माणसं,
आणि हाताशी होता तो पत्रा.
सांधा देखणा करायला त्याला वेळ नव्हता.
भार किती येणार, एवढं ठाऊक होतं.

अंगठ्यानं फुली पुसली. नीट निघाली नाही,
तिच्यावरूनच प्राइमर मारला.
अक्षरांवर मात्र नाही.

फळ्या बाभळीच्या टाकल्या, बेअरिंगं द्वारक्यावरून आणली.
हिरवा रंग कांचनच्या हट्टानं,
तिच्या नर्सरीतली गुलाबाची रोपं जायची आहेत ना.
जावई म्हणाला, एवढ्यात नवी आली असती.
असेल.

झाडून गोळा केलेला गंज गोणीत भरला, काट्याला लावला.
अकरा किलो. म्हणजे चारशे अठरा रुपये.
रियाजला फोन केला, परत घेतोस का?
काका, तो म्हणाला, गंज विकला जात असता
तर मी लोखंडाकडं बघितलं असतं का?

प्रमिलानं गोणी ओढत नेली,
लिंबाच्या आळ्यात रिकामी केली.
पानं पिवळी पडलीत दोन वर्षं, म्हणाली.
बघू.